थांबायला जागा

मार्च आला की मला भांडावंसं वाटतं. कुणाशी, याला महत्त्व नाही. रिक्षावाला चालतो, बायको चालते, लिफ्टमध्ये मोबाइलवर मोठ्यानं बोलणारा माणूस तर फारच चालतो. खाडीकडून कोरडी, खारट हवा येऊ लागते, ओहोटीच्या चिखलाचा वास दुपारभर कामोठ्यात फिरतो, आणि तिकडे वाशीच्या एपीएमसी मार्केटात हापूसच्या पेट्या उतरतात. मी तिथल्या एका कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात काम करतो. पेंढ्याचा वास आला की आमच्याकडचा प्रत्येक माणूस खूश होतो आणि मी चिडतो. कुणी आंब्याची फोड पुढे केली की म्हणतो, "उपवास आहे." कसला, असं विचारलं की हल्ली सरळ सांगतो, ख्रिस्ती माणसाचा, ईस्टरपर्यंत चाळीस दिवस गोड बंद. पूर्वी असं सांगत नसे. पूर्वी म्हणायचो, "पित्त झालंय."

त्या खोट्या पित्ताचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

आम्ही कामोठ्यात फ्लॅट घेतला तेव्हा दारावर पाटी लावायची वेळ आली. आईला सगळ्यांची पूर्ण नावं हवी होती आणि वर एक छोटा क्रूस. मी नुसतं 'गायकवाड' लावलं. गायकवाड हे फार सोयीचं आडनाव आहे. ऐकणारा आपापल्या मनाप्रमाणे त्यात जात भरतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. माझं नाव सुमंत, बायकोचं रेखा, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. गणपतीत मी सोसायटीच्या मांडवात उभा राहून टाळ्या वाजवायचो. दिवाळीत बाल्कनीत आकाशकंदील लावायचो आणि नाताळात तोच कंदील पुन्हा काढून खिडकीच्या आतल्या बाजूला टांगायचो. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, गायकवाडांनी आळसानं काढलाच नाही. आपण लबाडी करतोय असं मला तेव्हा वाटत नव्हतं. आपण शांतपणे जगतोय, कुणाच्या अध्यात नाही, असं वाटायचं. शांतपणे जगणाऱ्या त्या माणसाला आज कुठे भेटलो तर मी त्याच्या कानाखाली वाजवीन.

आईचं नाव सुवार्ता. जन्म नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. तिच्या आज्यानं धर्म घेतला तेव्हा त्याला वाटलं होतं की आता गावची विहीर आपल्याला मोकळी होईल. विहीर झाली नाहीच, आणि ख्रिस्ती म्हणून पुढे सरकारी सवलतही गेली. आई मिशनच्या दवाखान्यात नर्स झाली. ज्या घरांनी तिला ओट्यावर बसू दिलं नव्हतं, त्या घरांतली बाळं तिच्या हातावर जन्मली. हे ती तक्रार म्हणून सांगत नसे. सांगून झालं की नुसतं म्हणायची, "आपल्याला थांबायचंय." थांबायचंय म्हणजे प्रभू येईपर्यंत. लहानपणी मला वाटायचं, घरी कुणीतरी पाहुणा यायचाय आणि त्याची एसटी चुकलीय. मोठा झाल्यावर या थांबण्याची मला चीड यायला लागली. अपमान झाला की थांबायचं, बदली झाली की थांबायचं, वडील गेले तेव्हाही ती कोरड्या डोळ्यांनी म्हणाली, थांबायचंय. मला वाटे, माणसानं कधीतरी उठून भांडावं की.

तिच्या गावच्या कबरस्थानात सगळ्यांचे पाय पूर्वेला. प्रभू पूर्वेकडून येणार, तुतारी वाजणार, निजलेले उठून बसणार, आणि उठून बसल्याबरोबर तोंड थेट त्याच्यासमोर असलं पाहिजे, मान वळवून शोधाशोध करायला लागू नये. आमच्यात मेलेल्याला मेलेला म्हणत नाहीत, निजला म्हणतात. निजायला जागा लागते. "आणि जाळलं तर?" असं मी कॉलेजात असताना एकदा मुद्दाम विचारलं होतं. आई भाजी निवडत होती. म्हणाली, "देव राखेतनं पण उठवील. त्याला काय अवघड? पण मी कशाला त्याचं काम वाढवू?" गावचं कबरस्थान रस्ता रुंद झाला तेव्हा अर्धं गेलं आणि उरलेलं भरलं. तसंही तिला तिकडे जायचं नव्हतंच. तिला माझ्या जवळपास कुठेतरी ठेवलेलं हवं होतं. "ईस्टरला पहाटे तू यायला पायजे," ती म्हणायची. "लांब असलं की तू कारणं सांगशील." आईला तिचा मुलगा चांगला माहीत होता.

आणि मग एका फेब्रुवारीत चर्चमध्ये बातमी आली की आमच्या सेक्टरच्या टोकाचा मोकळा प्लॉट ख्रिस्ती दफनभूमीसाठी ठेवायचा विचार चाललाय. तो प्लॉट आमच्या बाल्कनीतून दिसायचा. पलीकडे खाजणातली झाडी आणि तिच्यावरून रोज सूर्य वर यायचा, म्हणजे पूर्वसुद्धा समोरच. लॉटरीत घर लागलेल्या बाईसारखी आई त्या आठवड्यात हिंडली. संध्याकाळी चालायला म्हणून बाहेर पडायची आणि त्या प्लॉटला चक्कर मारून यायची. कोपऱ्यावर म्हात्रेबाई सुकी मासळी घेऊन बसायच्या. त्या इथल्याच, जुन्या गावातल्या. त्यांची भातशेती तिथेच होती, प्लॉट पडायच्या आधी. आईनं त्यांना सांगून टाकलं की इथे आमची माणसं पुरणार आहेत, मी पण येणार आहे. म्हात्रेबाई बोंबलांवरच्या माश्या वारत म्हणाल्या, "तिथं माजा शेत व्हता. तुमी निजा खुशाल. मना काय त्रास?" आईनं हे घरी येऊन तीनदा सांगितलं. तिच्या हिशेबी परवानगी मिळाली होती.

त्या दिवसांत आमच्याकडे दर गुरुवारी संध्याकाळी प्रार्थना असायची. खिडक्या बंद करून, आवाज खाली ठेवून, ही माझी अट. प्रार्थना थोरातकाका चालवायचे. ते दोन सेक्टर सोडून राहायचे, निवृत्त कारकून, चर्चच्या मंडळीतलं मोठं माणूस. शेवटच्या काळाची चिन्हं हा त्यांचा हातखंडा विषय. कुठे भूकंप झाला, कुठे लढाई लागली, कुठे नवीन ताप आला की काकांच्या चेहऱ्यावर तेज यायचं. मोबाइल काढून दाखवायचे, "बघा, लिहिलंय तसंच. फार दिवस नाहीत आता." त्या जुन्या हुतात्म्यांच्या गोष्टी ते फार रंगवून सांगत. सिंहांपुढे टाकलेले, जाळलेले, तरी नाकारलं नाही म्हणणारे. आम्ही सुस्कारे टाकायचो आणि मग चहाबरोबर खारी खायचो.

उपवासकाळाच्या मधल्या आठवड्यात कानावर आलं की दफनभूमीच्या विरोधात सोसायट्यांमधून सह्या गोळा होतायत. मी घाबरून थोरातकाकांना फोन केला. वाटलं, हा माणूस तरी काहीतरी ठाम सांगेल. काका म्हणाले, "आमच्याकडं काल झाल्या. मी केली."

"तुम्ही केली?"

"अरे, विरोध करून राहायचं कुठं? पोरांना इथंच दिवस काढायचेत. आणि प्रभू येणारच आहे लवकर. आता कशाला पायजे जागा? तू पण करून टाक."

मला हायसं वाटलं. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही, पण त्या फोननंतर मला छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात सोसायटीचे सेक्रेटरी कदम. कदम वाईट माणूस नाही. हे मुद्दाम लिहावं लागतंय, कारण तो वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. पाणी चढलं नाही तर स्वतः टाकीवर चढणारा माणूस आहे तो. हातात फाइल होती.

"गायकवाड, एक सही पाहिजे यार. समोरच्या प्लॉटवर ते ख्रिश्चन लोकांचं कबरस्थान आणतायत. सगळ्या सोसायट्यांची हरकत चाललीय. आपण कुणाच्या धर्माच्या अगेन्स्ट नाही हां. पण बाल्कनीतून रोज ते बघायचं म्हणजे मुलांना टेन्शन. उद्या फ्लॅट विकायला काढला तर कोण घेईल?"

आत आईच्या खोलीत पंखा चालू होता. मी सगळ्यात आधी काय केलं, तर बाहेर येऊन माझ्यामागे दार ओढून घेतलं. मग कागद वाचायचं नाटक केलं. 'बघून सांगतो' म्हणता आलं असतं. 'आई आजारी आहे, नंतर या' म्हणता आलं असतं. काहीही म्हणता आलं असतं. पेन कदमांनीच दिलं. सही झाल्यावर ते म्हणाले, "थँक्यू. तुमचं मला टेन्शनच नव्हतं."

छळ म्हटलं की आमच्या लोकांच्या डोळ्यांपुढे सिंह येतात. कामोठ्यात सिंह नसतात. इथे सेक्रेटरी येतो, हसून बोलतो, आपलंच पेन पुढे करतो आणि चार सेकंदांत काम उरकून शेजारच्या दाराची बेल वाजवतो. सिंहापुढे मी कदाचित टिकलोही असतो. निदान पळून गेलो असतो, थांबून सही केली नसती. टिकून राहणं या विषयावर मी आयुष्यभर प्रवचनं ऐकली. एकातही कुणी सांगितलं नाही की परीक्षा इतकी छोटी, इतकी सभ्य आणि संध्याकाळी सात वाजता असते. माझा त्या सगळ्या प्रवचनकारांवर राग आहे. स्वतःवरचा कमी पडला की मी तो काढून वापरतो.

हरकतीचा कागद नावं आणि फ्लॅट नंबरांसकट खाली नोटिसबोर्डवर लागला, कारण कदम सगळं व्यवस्थित करणारा माणूस. आई छापलेलं, लिहिलेलं जे दिसेल ते वाचायची, औषधाच्या खोक्यावरचंसुद्धा. त्या संध्याकाळी ती चालून वर आली, चपला जागेवर ठेवल्या आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"तुझी सही पहिल्यापास्नं लई देखणी," ती म्हणाली.

मी बरंच काही बोललो. एकट्यानं नाही म्हणून काय होणार होतं, रेखाला इथे राहायचंय, लोक कसे असतात तुला माहीत नाही. हे शेवटचं मी आईला सांगितलं, जिला विहिरीवर पाणी लांबून ओतून मिळायचं तिला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"नाही म्हणला असतास तर एक सही कमी झाली असती," ती म्हणाली आणि भाकऱ्या टाकायला आत गेली.

जेवणाआधीची प्रार्थना आमच्याकडे आईच करायची. त्या दिवसापासून तिनं त्यात माझं नाव घालायला सुरुवात केली. "प्रभू, सुमंतची भीती काढ." आमटीभातासमोर, रेखासमोर, दिवसातून दोनदा. हे प्रेम होतं की सूड, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी डोळे मिटायचं सोडून दिलं. तिच्या मिटलेल्या डोळ्यांकडे रागानं बघत बसायचो आणि रेखा माझ्याकडे बघत बसायची. ताटातलं निवून जायचं.

पुढच्या रविवारी सोसायटीची मीटिंग होती, पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून. आई चर्चहून आली तशी पांढऱ्या साडीत थेट तिथे जाऊन बसली. मी तिला उठवायला गेलो तर तिनं माझा हात बाजूला केला. दफनभूमीचा विषय आला तशी ती उभी राहिली.

"मी सुवार्ता गायकवाड, चारशे तीन. आम्ही ख्रिस्ती आहोत. या कागदावर माझ्या मुलाची सही आहे, माझी नाही. माझी हरकत नाही, एवढं लिहून घ्या."

मागून एक बाई कौतुकानं म्हणाल्या, "अय्या, तुमी वाटत नाही हो ख्रिश्चन!"

"मग कशा असतात?" आईनं विचारलं.

कदम अवघडले होते. "मावशी, बसा ना. तसं लिहून घेता येत नाही. फ्लॅट गायकवाडांच्या नावावर आहे, मेंबर ते आहेत. तुमी मेंबर नाही."

"मग त्यालाच विचारा," आई म्हणाली.

सगळे माझ्याकडे वळले. आयुष्यात फार कमी वेळा इतक्या लोकांनी माझं ऐकायची तयारी दाखवली असेल. आई माझ्याकडे बघत नव्हती, समोर बघत होती. मी म्हणालो, "आपण नंतर बोलू या."

त्यानंतर कुणी आमच्या दारावर दगड मारले नाहीत. कुणी शिव्या दिल्या नाहीत. गणपतीचा प्रसाद जो हक्कानं यायचा तो "तुम्हाला चालतो ना?" असं विचारून यायला लागला. रेखाला हळदीकुंकवाचं बोलावणं यायचं थांबलं. कुणी थांबवलं नाही, ते आपोआपच राहून जायला लागलं. लिफ्टमध्ये लोक जास्त अदबीनं जागा द्यायचे. या अदबीचा मला जेवढा संताप येतो तेवढा शिव्यांचा आला नसता, कारण शिवीला उलट शिवी देता येते.

त्या ईस्टरला पहाटे आमची मंडळी बस करून खाडीपलीकडच्या एका जुन्या कबरस्थानात गेली. पुनरुत्थानाची उपासना आम्ही कबरींमध्येच करतो, उजाडायच्या आत, मेणबत्त्या घेऊन. गवत दवानं ओलं होतं, मेण हातावर गळत होतं, बायका डोक्यावरून पदर घेऊन गात होत्या. गाणं संपल्यावर आई मेणबत्ती घेऊन ओळींमधून हिंडली. लोक सॅम्पल फ्लॅट बघतात तशी बघत होती. "हवा बरी आहे," ती म्हणाली. "पण पाय दक्षिणेला करतात. अन् लई लांब."

थोरातकाका चहाचा कप घेऊन आले. आईला त्यांच्याही सहीचं कळलेलं होतं, हे त्यांना माहीत होतं. तरी म्हणाले, "आई, जागेचं काय घेऊन बसलात? काळ भरत आलाय. कदाचित आपल्याला मरावंसुद्धा लागणार नाही."

"थोरात," आई म्हणाली, "प्रभू उद्या येणार म्हणून तुम्ही आजचं दूध घ्यायचं बंद केलंत का?"

काका हसले. मीही हसलो, आणि मग मला हसल्याचा राग आला. पण त्या पहाटे मला दोघांतला फरक पहिल्यांदा कळला. काकांना शेवट हवा होता, कारण तो आला की सही, सोसायटी, गुडघे, पेन्शन सगळ्यातून एकदम सुटका. आईला शेवट हवा होता, कारण त्या दिवशी तिला हजर राहायचं होतं. हजर राहायचं तर आधी पत्ता लागतो. आयुष्यभर ती थांबली म्हणजे बसून राहिली असं मी समजत होतो. तिनं जागा धरून ठेवली होती. मी ती दिवसाढवळ्या सोडून दिली.

ईस्टरनंतर तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, पेपर वाचता वाचता आई निजली. ती गेल्याचं चर्चच्या पाळकसाहेबांना कळवलं आणि मी जागेसाठी फोन करायला बसलो. समोरच्या प्लॉटचा विषय तोवर मागे पडला होता, फाइल कुठेतरी थांबली होती. एकेका कबरस्थानाला फोन लावत गेलो. "तुम्ही कुठल्या मंडळीचे? मग नाही जमणार." "आमच्या सभासदांनाच जागा नाही." "तुमच्या लोकांनी तिकडे स्वतःचं का नाही घेतलं?" हा शेवटचा प्रश्न विचारणारा माणूस कोण होता ते मला माहीत नाही, पण मी फोन आपटला. एकाच प्रभूची वाट बघणाऱ्यांनी आपापली कुंपणं घालून ठेवलीयत आणि दाराशी रजिस्टर ठेवलंय. कदमांवर मी एवढा चिडलो होतो, आणि आमच्या लोकांकडे त्यांच्यापेक्षा जाड फायली निघाल्या.

शेवटी खाडीपलीकडचंच ते कबरस्थान मिळालं, तेही काही वर्षांच्या मुदतीनं. मुदत संपली की कबर उघडून पुढच्याला देणार. आईची गाडी त्या मोकळ्या प्लॉटवरूनच गेली. त्यात गुडघाभर गवत होतं, एक म्हैस चरत होती, तिच्या पाठीवर बगळा. म्हात्रेबाईंनी मासळीची पाटी बाजूला सारून हात जोडले. त्या जागेवर हक्क सांगता येईल अशी ती एकच बाई, आणि तिचीच हरकत नव्हती.

खड्डा आधीच खणलेला होता, पाय दक्षिणेला. मी खणणाऱ्याला म्हणालो, आडवा खणून द्या. "इथं ओळीनं जातं साहेब," तो म्हणाला. "एक आडवा घेतला तर पुढच्या सगळ्या जागा बिघडतात." पाळकसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "प्रभूला दिशेची अडचण नाही," ते म्हणाले.

"मला आहे," मी ओरडलो. "मला आहे ना!"

चारचौघांत, मोठ्या आवाजात, मी ख्रिस्ती म्हणून काही मागितलं ते हे पहिल्यांदा. आई ऐकायला नव्हती. थोरातकाका शेजारीच उभे होते, रुमालानं डोळे पुसत. त्यांना बघून मला इतका द्वेष वाटला की माती टाकायच्या वेळी मी त्यांच्या पुढे घुसलो.

त्यानंतर किती उपवासकाळ आले आणि गेले. दर ईस्टरला पहाटे मी तिथे जातो. लांब आहे, तरी कारण सांगत नाही. दारावर आता तिघांचीही नावं आहेत, आईचंसुद्धा, आणि वर क्रूस आहे. कदम त्या पाटीकडे बघून "छान दिसते" म्हणाले होते. मी थँक्यू म्हणालो नाही. समोरच्या प्लॉटला पत्रे लागलेत आणि आत काय होणार ते कुणाला माहीत नाही. वरून आता विमानं जातात. सोसायटीतली मुलं बाल्कनीत येऊन वर बघतात, मी पत्र्यांकडे बघतो.

या मार्चमध्ये कबरस्थानाच्या माणसाचा फोन आला. मुदत झाली, उघडावी लागेल. एक वर्ष वाढवून हवं असेल तर हरकतीचा अर्ज द्या, नियमात बसतं. मी त्याच संध्याकाळी अर्ज लिहिला. उघड्या डोळ्यांनी, पूर्ण नाव घालून, 'माझी हरकत आहे' असं स्वच्छ अक्षरात. तो खिशात ठेवून रविवारी द्यायला जाणार होतो.

शनिवारी सकाळी थोरातकाकूंचा फोन आला. काका पहाटे गेले होते. काकूंचा आवाज थकलेला होता. "सुमंत, कुठंच जागा मिळंना रे. तिथं एक मोकळी होतीय म्हणतात. तुझ्या आईची. तो म्हणतो, गायकवाडांची हरकत नसेल तर आजच उघडतो."

मला आनंद झाला. हे लिहिताना लाज वाटते, पण झाला. ज्यांनी म्हटलं होतं कशाला पाहिजे जागा, ते आता जागेसाठी माझ्या दारात होते, आणि खिशात अर्ज तयार होता. मी शर्ट घातला आणि निघालो. अख्ख्या रस्त्यानं मनातल्या मनात काकांशी बोलत होतो. प्रभू येणार होता ना काका लवकर? मग थांबा की थोडं, बर्फावर थांबा.

कबरस्थानात काकू बाकावर बसल्या होत्या. मी शेजारी बसलो. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगायला सुरुवात केली. "शेवटी शेवटी लई घाबरायला लागले होते. रोज विचारायचे, मला कुठं ठेवशील? मी म्हणायची, प्रभू बघील. तर चिडायचे. म्हणायचे, प्रभूचं नको सांगू, तू सांग, कुठं ठेवशील?"

इतकी वर्षं गुरुवारी संध्याकाळी आकाशाकडे बोट दाखवणारा माणूस शेवटी खाली, जमिनीकडे बघत होता. त्यांची सही कसल्या भीतीनं झाली होती, ते मला तेव्हा समजलं. ती माझ्याच भीतीची मोठी बहीण होती. पण समजलं म्हणून राग जात नाही. तो खिशातल्या अर्जाबरोबर तिथेच होता.

रखवालदार आला. हातात फावडं होतं. "काय साहेब, हरकत?"

काकूंनी मान खाली घातली. मी आईच्या कबरीकडे बघितलं. त्या जागेवर हरकत घ्यायचा अधिकार आता खरोखर माझा होता, मेंबर मीच होतो. एकदा हरकत घेऊन बघितली होती. तिचं काय झालं, ते समोर मातीत होतं.

"नाही," मी म्हणालो. "उघडा."

मी काकांना माफ केलं असं कुणी समजू नये. केलेलं नाही. माती निघत गेली तसं आईचं जे काही उरलं होतं ते रखवालदारानं हळूच गोळा केलं आणि मी तेवढ्यात बाहेरून आणलेल्या नव्या पांढऱ्या कापडात बांधून माझ्याकडे दिलं. नुकतंच जन्मलेलं बाळ असावं एवढंसं गाठोडं. मी खड्ड्यात उतरलो आणि ते एका कडेला, भिंतीला लावून ठेवलं. मग काकांची पेटी उतरवली. आईनं जागा दिली. तिला कुणी विचारलं नव्हतं, पण तिनं नाही म्हटलं नसतं, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

परतताना मला दिसत राहिलं ते असं. तुतारी वाजते, थोरातकाका डोळे चोळत उठतात, आणि प्रभूच्या आधी त्यांना शेजारी बसलेली माझी आई दिसते. साडी सारखी करत ती त्यांच्याकडे बघतेय. त्या सहीबद्दल ती काय विचारील ते मला माहीत आहे. काकांना उत्तर द्यावं लागेल.

घरी येऊन हातपाय धुतले आणि रेखाला सांगून टाकलं, "माझं काही झालं की दुसरीकडे फोन करत बसू नकोस. तीच कबर उघडायला सांग."

"तिघं?" रेखा म्हणाली. "मावाल का? आणि काकांबरोबर? तुमचं तर त्यांच्याशी..."

"मावू," मी म्हणालो. "काका पाहिजेत तिथं. आईसमोर एकट्यानं उठायची माझी अजून हिंमत नाही."